तिळवण पांढरी की पिवळी, ते आईच्या बोटांना कळलं

मंडळी, आज आईने माझी चूक पकडली आणि मी जाम खूश आहे!

रानफुलं ओळखण्यात मी पक्की आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. मुलुंडला आमच्या बिल्डिंगमागच्या प्लॉटवर मोहरीच्या नात्यातल्या दोन तिळवणी उगवतात, पांढरी आणि पिवळी. पांढरीची आमच्याकडे भाजी होते. फुलं असली की कोणीही ओळखेल. आज फुलं नव्हती, तरी मी पांढरी समजून बिनधास्त जुडीभर उपटून आणली.

काचबिंदूने आईची नजर गेली त्याला वर्ष झालं. तेव्हापासून ती घराबाहेर पडलेली नाही, स्वयंपाकातही हात घालत नाही. आज मी "सगळी पांढरीच आहे, निवड" म्हणत जबरदस्तीनेच भाजीची परात तिच्यापुढे ठेवली.

तिने एकेक देठ बोटांनी चाचपला. मध्येच थांबली, वास घेतला.

"ह्या सगळा पांढरा कसा गो? ही बग कशी चिकट आसा. ही पिवळी."

मीही चाचपून पाहिलं. बरोबर होतं तिचं! पिवळी जास्त चिकट असते, हे मी पुस्तकात वाचलेलं. उपटताना बोटांनी चाचपून बघायचं सुचलंच नाही.

मग सगळी भाजी तिनेच निवडली. जेवताना म्हणाली, "उद्या माकाय खाली घेवन चल. थंय आणखी काय काय आसा, माका बघूचा आसा."

'बघूचा आसा', बघायचंय, म्हणाली ती. वर्षभरात पहिल्यांदा.

तुमच्या घरी कोणी असंच गप्प बसून असेल, तर त्यांच्या हातात काय द्याल?