वाटेवरच्याचा नंबर आधी

सर्व्हर पडला तर एकवेळ परवडतं. पडला म्हणजे पडला. लोक शिव्या देतात, आपण उचलून उभा करतो. अडकलेला सर्व्हर मात्र डोक्याला ताप असतो. दिसायला जिवंत, प्रोसेसर निवांत, मेमरी भरपूर मोकळी आणि उत्तर कुणालाच नाही. माझा असा अडकला, आणि त्यासाठी त्यानं दिवस निवडला तो नेमका माझ्या सासरच्या गावाचा.

मी बारामतीत एका छोट्या कंपनीत कामाला आहे. जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या वेबसाइटी भार आल्यावर का गळपटतात ते शोधायचं, हे माझं काम. एका कारखान्याची ऊस नोंदणी आम्ही फोनवर आणली होती. त्याआधी सभासद शेतकी ऑफिसच्या दारात पहाटेपासून चपला ओळीनं मांडून ठेवायचे. माणसं लिंबाखाली गप्पा मारत बसायची आणि चपला रांगेत उभ्या राहायच्या. कुणाची चप्पल कुणी सरकवली तर दिवसभर भांडण. ती कटकट एकदाची संपणार म्हणून मी खूश होते. माझ्यापेक्षा जास्त खूश होते आबा, म्हणजे माझे सासरे.

आबा वरकुट्यात राहतात. आमच्या वस्तीवरची रानं एकामागं एक आहेत आणि गाडीवाट एकाच बाजूनं. वाटेवरच्याचा ऊस तुटल्याशिवाय मागच्याचा ट्रॅक्टर बाहेर येत नाही. सगळ्यात मागं आबांचं रान. उसाची लागण, म्हणजे लागवड, एकाच आठवड्यातली असली की ज्याची नोंद आधी, त्याच्याकडं तोडणी टोळी आधी जाते. म्हणून वस्तीवरची पद्धत अशी, की नोंद सगळ्यांनी एकाच दिवशी, पाठोपाठ करायची आणि पहिली वाटेवरच्याची. मग टोळी एकदा शिरली की मागपर्यंत रान मोकळं करूनच निघते. ही ओळ लावायचं काम कायम आबांकडं. फोनवरच्या नोंदणीला निम्मी वस्ती तयार नव्हती. आबा पारावर उभं राहून म्हणाले, "माझ्या सुनंनं केलंय. एकाचाबी ऊस अडकू देणार न्हाय, ह्यो माझा शब्द हाय." मला हे कळलं तेव्हा अभिमान वाटला आणि धास्तीही. सर्व्हरच्या भरवशावर कुणी शब्द देतं का?

त्या दिवशी वरकुटे आणि शेजारच्या दोन-तीन गावांची पाळी होती. नोंदणी उघडली आणि चहा निवायच्या आत सगळं थांबलं. पान उघडेना, बटण दाबलं तर नुसतं चाक फिरतंय. साहेबांनी मागून सांगितलं, "रीस्टार्ट मार." मारला. जरा वेळ छान चालला, पुन्हा तेच. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा तेच. रीस्टार्टवर माझा राग आहे. दुखणं तसंच राहतं, नुसतं कण्हणं थांबतं.

मधे आबांचा फोन दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा आवाज ठणठणीत. "काय गं बाई, जरा थांबलंय वाटतं?" दुसऱ्यांदा मागं लोकांचं हसणं ऐकू येत होतं आणि आबा हळू बोलत होते. "हितं समदी बसल्यात. किती वेळ, काय सांगू त्यास्नी?" मी म्हटलं, "बघतेय, आबा."

साहेबांचं न ऐकता, पुढच्या रीस्टार्टआधी मी थ्रेड डंप काढला. सर्व्हरच्या आतला प्रत्येक थ्रेड, म्हणजे प्रत्येक कामगार, त्या क्षणी काय करत उभा आहे, ते त्यात दिसतं. सगळे एकाच जागी उभे होते, डेटाबेसच्या दारात. डेटाबेसशी बोलायच्या जोडण्या मोजक्याच असतात आणि त्या सगळ्या कुणीतरी धरून ठेवलेल्या. बरं, धरणारे त्यावर काम करत असते तर समजलं असतं. ते काहीच करत नव्हते.

डेटाबेसच्या बाजूनं बघितल्यावर उलगडलं. जमिनीच्या एकाच गट नंबरावर दोन भावांनी वेगवेगळी नोंद करू नये, म्हणून फॉर्म उघडला की तो गट नंबर अडवायचा, अशी कारखान्याची मागणी होती. आमच्या टीमनं ते सोप्या रस्त्यानं केलं होतं. फॉर्म उघडल्यापासून नोंद होईपर्यंत एक जोडणी धरून ठेवायची. चाचणीत हे कधीच बोचलं नाही, कारण चाचणीतले खोटे शेतकरी फॉर्म उघडतात आणि लगेच नोंद करून निघून जातात. त्यांना शेजारी नसतात, बांध नसतो, कुणाची वाट बघायची नसते.

आणि धरून ठेवलेले सगळे गट नंबर वरकुट्याचे होते. आमच्याच शिवारातले.

मी आबांना फोन लावला. "आबा, तिथं किती जणांनी फॉर्म उघडलेत?"

"समद्यांनी. सकाळधरनं देवळाच्या मंडपात बसवलंय. म्हटलं, उघडून धरा, बंद करू नका. नंबर धरून ठिवायचा."

"मग नोंद का नाही करत?"

"वाटंवरचा यायचाय न्हवं. मोरगावला देवाला गेलाय, यष्टीत हाय. त्येची आधी झाल्याशिवाय आमी कशी करायची?"

मी कपाळावर हात मारला. चपला गेल्या नव्हत्याच. त्या फोनमध्ये येऊन बसल्या होत्या. माझ्या कामाला सगळ्यात जास्त मान देणाऱ्या माणसानंच माझा सर्व्हर अडवून धरला होता, आणि त्याचं चुकलंय असं मला म्हणता येत नव्हतं. दर रीस्टार्टनंतर मंडपातले सगळे पुन्हा एकदम फॉर्म उघडत होते, तेही आबांच्याच हुकमानं.

बाकीच्या गावांचे सभासद बाहेर ताटकळलेले. कारखान्यातून फोनवर फोन. साहेब समोर उभे. मी म्हटलं, "आबा, मी सगळं बंद करून परत चालू करते. यावेळी तुमच्याकडच्या कुणीही फॉर्म उघडायचा नाही. वाटेवरचे आले की मग एकेकानं उघडायचा आणि लगेच नोंद करायची."

"बंद केलं तर धरलेलं जाईल न्हवं?"

"जाईल."

पलीकडं त्यांनी गलका करणाऱ्यांना गप्प बसवलं. मग म्हणाले, "तुझ्या नोकरीचं काय हाय का त्यात?"

खरं तर काही नव्हतं. पण त्यांनी ते विचारलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "तसं नाही, आबा. पण बाकी गावं अडकलीत."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन चालू ठेवूनच मंडपाकडं वळले. "ऐका रं. समद्यांनी फोन खिशात घाला. माझ्यामुळं अडकलंय. त्यो आल्याबिगर कुणी उघडायचं न्हाय." कुणीतरी काहीतरी टोमणा मारला. त्यातला सून एवढाच शब्द मला कळला.

सर्व्हर उठला आणि धावायला लागला. शेजारच्या गावांच्या नोंदी धडाधड पडायला लागल्या. साहेब माझ्या खुर्चीमागं उभं राहून म्हणाले, "मस्त! मोकळा झाला." मी पडद्याकडं बघत होते. वरकुट्याकडून काहीच येत नव्हतं. पूर्ण शांत. मला बरं वाटलं, आबांचा शब्द अजून चालतो म्हणून.

मग एक नोंद पडली, वरकुट्याची. मधल्या रानाची. थोड्या वेळानं आणखी एक, त्याच्याही मागची. कुणी मंडपाच्या मागं जाऊन केली असेल, कुणी धोतराच्या घोळात फोन धरून. मला इथं बसून प्रत्येक नाव दिसत होतं. फोन करून आबांना सांगावं असं दोनदा मनात आलं, आणि दोनदा मी उचललेला फोन खाली ठेवला. सर्व्हर तेल घातल्यासारखा चालत होता. मला त्याचा संताप आला.

वाटेवरच्याची नोंद जवळजवळ शेवटी पडली. त्याच्या खाली एकच नाव होतं, आबांचं.

हंगामात व्हायचं तेच झालं. टोळी मधल्या रानात आली, पुढं वाटेवर ऊस उभा, ट्रॅक्टर बाहेर काढायचा कुठून? मुकादमानं टोळी दुसऱ्या शिवारात नेली. परत आली तेव्हा उसाला तुरे फुटले होते आणि वजन घटलं होतं. ज्यांनी चोरून नोंद केली होती, तेच आबांना म्हणाले, "तुमच्या सुनंच्या फोनमुळं झालं." आबांनी कुणाचंही नाव घेतलं नाही. पारावर जायचे मात्र बंद झाले. मला एका शब्दानं बोलले असते तर सोसलं असतं. मी गावी गेले की ते जेवताना माझ्या ताटात भाकरी वाढत राहिले.

आम्ही ते दुरुस्त केलं. आता फॉर्म उघडला की गट नंबरावर नुसती खूण होते आणि जोडणी लगेच सुटते. चाचणीत मी खोट्या शेतकऱ्यांना फॉर्म उघडून नुसतं बसायला लावलं. सर्व्हरनं हूं की चूं केलं नाही.

पुढच्या नोंदणीला, वरकुट्याच्या पाळीच्या सकाळी, मी आबांना फोन केला. "आबा, आता खुशाल उघडून धरा. वाट्टेल तेवढा वेळ."

"व्हय? चांगलं झालं की," ते म्हणाले. मागं मंडपाचा गलका नव्हता, घरातली कोंबडी ओरडत होती. "पर आता कोण थांबतंय, बाई. ज्याचं त्यो करतोय."

मी फोन ठेवला आणि पडद्यावर वरकुटे उघडलं. नोंदी मागंपुढं, जशा सुचतील तशा पडत होत्या. वाटेवरच्याची अजून व्हायची होती. आणि एकच फॉर्म नोंदणी सुरू झाल्यापासून उघडा धरलेला होता. गट नंबर आमचा होता.