छाती हलत नव्हती

आज वसमतच्या दवाखान्यात भुलीच्या रबरी मास्कचा वास आला आणि लष्करी रुग्णालयातलं शिकाऊपण आठवलं. मी तेव्हा भूल द्यायला शिकणारा नवा कॅप्टन. एका जवानाच्या घशात श्वासाची नळी घातली, तेव्हा मदतीला असलेले, इथल्याच कुरुंद्याचे हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, नळी पोटात गेली. छाती हलून न्हाई राहिली."

"डॉक्टर तुम्ही का मी?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

ते सावधानमध्ये उभे राहिले. जवानाचे ओठ निळे पडले, तेव्हा कुठे मी नळी बदलली. तो वाचला.

"चूक कुणी ओळखली?" आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी नंतर विचारलं.

"मी."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आज तेच नातीला ऑपरेशनला घेऊन आलेत. मास्क बघून ती रडतेय, आणि ते तिला समजावताहेत, "भिऊ नको बाई, साहेबांची नजर लई तेज हाय."