साखरचौथीचा रडका पिक्चर

आम्ही पेणची गणपती बनवणारी माणसं. लोकांच्या घरी गणपती बसतात तेव्हा आमचे हात रंगात. म्हणून आमचा गणपती नंतर, अनंत चतुर्दशी झाल्यावरच्या संकष्टीला, म्हणजे साखरचौथीला येतो. त्या संध्याकाळी आमच्या आळीत पडदा बांधून पिक्चर दाखवतात. कुठला, ते बरीच वर्षं माझी बायको ठरवायची. ती या आषाढात गेली.

घरात माणूस गेलं की आमच्यात वर्षभर सण नाय. आरतीला मी उभा राहणार नव्हतो. पण पिक्चर तिच्या आवडीचा, म्हणजे रडकाच लागेल, असं मंडळाच्या पोरांना सांगून टाकलं. त्यांना मारामारीचा पाहिजे होता. एक म्हणाला, "काका, रडायला कोण येतंय? बायांना घरात सिरियली हायत."

माझी शाळा चौथीत सुटली, पण पडद्यासमोर कोण बसतं ते मी बघत आलोय. मारामारीला पोरं येतात, पण उभ्याने बघतात. हाणाहाणी थांबली की वडापावच्या गाडीवर. भुताच्या पिक्चरला नवी जोडपी, आणि बोटांच्या फटीतून बघणारी मुलं. विनोदीला सगळी आळी लोटते, पण मधेच जेवायला उठून गेलं तरी कुणाचं काय चुकत नाय. रडक्याला बाया चटई घेऊन येतात आणि शेवटापर्यंत हलत नायत.

का, ते मला बायकोनं सांगितलं. लग्नानंतर तिच्या माहेरी, अष्टमी गावाला गेलो, तेव्हा नदीवरचा पूल ओलांडून तिनं मला रोह्याच्या टॉकीजला नेलं. पिक्चरभर रडली. तिकीट काढून रडायचं कशाला, असं मी बाहेर आल्यावर विचारलं. म्हणाली, "घरात रडलं तर सगळी विचारतात काय झालं. इथं कोन विचारत नाय."

ती गेली तेव्हा कारखान्यात ऑर्डरी पडून होत्या. दिवसकार्य उरकलं आणि मी परत आखणीला बसलो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला. त्या कामात स्वतःचे डोळे भरून चालत नाय. बाजूला ती रंगकामाला बसायची, ती जागा रिकामी. कारखान्यातल्या बाया माझ्याकडे बघायच्या, मी ब्रशकडे.

पोरांशी शेवटी ठरलं ते असं, मध्यंतरापर्यंत माणसं जमली नायत तर पिक्चर बदलायचा. सुरू झाला तेव्हा पडद्यासमोर मी आणि दोन कुत्री. पोरं मागे खिदळत होती. मी खुर्ची सोडली नाय. नैवेद्याची भांडी घासून आधी कारखान्यातल्या बाया आल्या, मग त्यांच्या सुना. चटईला चटई लागत गेली. तरी मध्यंतराला एक पोरगा पिक्चर बदलायला लॅपटॉपकडे वळलाच. आमच्यातली थोरली रंगकाम करणारी बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "हात लावून बघ मेल्या. पिक्चरमधल्या आईचा मुलगा अजून घरी यायचाय."

पोरगा लॅपटॉप सोडून मागे गेला.

पिक्चरमधला तो मुलगा घरी कसा आला ते मला नीट सांगता येणार नाय. मी रडत होतो. नाक ओढत, आवाज काढून. आजूबाजूच्या बायाही रडत होत्या. माझ्याकडे कुणी वळून बघितलं नाय. एकीनं पडद्यावरची नजर न काढता आपला रुमाल पुढे केला. तो मी घेतला, तोंड पुसलं, आणि पोरांना तिथंच बजावलं की पुढल्या वर्षीपण रडकाच लावायचा.