शेवटच्या दवाखान्यापासून पालीपर्यंत

लोक लडाखला जातात, स्पितीला जातात आणि ब्लॉग लिहितात. मी भाईंदर पश्चिमेहून उत्तनजवळच्या पालीला गेले. चालत. अंतर म्हणाल तर आठ-नऊ किलोमीटर, रिक्षाने अर्धा तास. हसा, खुशाल हसा. पण वर्षभर जी बाई राईच्या नाक्यापुढे पायी गेली नव्हती, तिला पाली म्हणजे परदेशच.

मला भीती वाटते. चोराची नाही, भुताची नाही, माझ्याच छातीची. गेल्या वर्षी एका दुपारी कणीक मळता मळता अचानक छाती धडधडायला लागली. हातपाय गार, घशाला कोरड, आणि डोक्यात एकच, की संपलं सगळं. नवऱ्याने तशीच पिठाच्या हातांनी हॉस्पिटलात नेली. ईसीजी झाला, इको झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. हा भीतीचा झटका होता." अहो, ठणठणीत आहे तर वाजतंय कशाला एवढं?

पुढे ते म्हणाले, "रोज चाला. थोडा दम लागेल असं चाला. मनाला बरं वाटेल." आणि मी शहाणी नेमकं उलटं करून बसले. दम लागला की छाती धडधडते, आणि धडधडली की मला तीच दुपार आठवते. मग दम लागूच द्यायचा नाही! जिने बंद. तिसऱ्या मजल्यावरून खाली यायलाही लिफ्ट. भाजीची पिशवी नवऱ्याच्या हातात. पाहुणे आले की गादी ओढायलाही मी पुढे होत नसे. इतकं जपून जपून काय झालं, तर मी दिवसभर सोफ्यावर बसून आतले ठोके ऐकायला लागले. झोप उडाली. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे, आणि दचकले म्हणून रडायचे.

बाहेर पडायचे ती दवाखान्यांच्या आधाराने. आमच्या दीडशे फुटी रस्त्यावर कुठला डॉक्टर किती वाजता शटर वर करतो, गुरुवारी कोण बंद असतं, कुठल्या मेडिकलवाल्याकडे बसायला स्टूल आहे, सगळं तोंडपाठ. एका दवाखान्यापासून दुसऱ्यापर्यंत चालायचं, पाटी दिसली की श्वास सोडायचा. राईच्या नाक्यावरचा छोटा दवाखाना शेवटचा. त्याच्यापुढे माझं जग संपायचं.

हे असंच चाललं असतं. पण माझी मुलगी गौरी नाशिकला असते आणि तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, ओटीचं सामान, सगळं घेऊन आम्ही गाडीने निघालो. घोडबंदरला वाहनं तुंबलेली, बाजूला खाडी, पुढे हलायला जागा नाही, आणि माझी छाती सुरू झाली. मी नवऱ्याला गाडी वळवायला लावली. ओटी गौरीच्या सासूबाईंनी भरली. आता तिचा नववा लागतोय आणि तिच्या डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय. म्हणजे पहिलं बाळंतपण असून ती माहेरी येऊ शकत नाही, जायचं ते मलाच. ती फोनवर म्हणाली, "नाही जमलं तर असू दे, आई." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ते 'असू दे' फार लागलं मला.

आता ज्योत्स्नाबेन. आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतात. साठी ओलांडलेल्या, पंजाबी ड्रेसखाली नातवाने दिलेले पांढरे बूट, आणि चालणं असं की मागच्याने धावावं. लिफ्टमध्ये मला रडवेली बघून त्यांनी सरळ विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "देखो सुनीताबेन, मेरे ये गए ना, छे महीना मैं भी सोफे पे बैठी थी. कुछ अच्छा ही नहीं लगता था. फिर चलना चालू किया. दुःख गया नहीं, हां! लेकिन भूख लगने लगी, नींद आने लगी. आज भी जिस दिन नहीं चलती, उस दिन बहू से झगड़ा पक्का. इसलिए बहू खुद मेरे जूते दरवाजे पे रखती है."

"मुझे नाशिक जाना है," मी म्हटलं.

"नाशिक दूर है. पहले पाली जाके आते हैं."

जानेवारीतला रविवार ठरला. आदल्या रात्री मी तीनदा फोन करून नाही म्हणायचं ठरवलं आणि तीनदा गौरीचं 'असू दे' आठवलं. पहाटे नवरा म्हणाला, "मी गाडी घेऊन मागून येऊ का?" ज्योत्स्नाबेन दारातूनच ओरडल्या, "बिलकुल नहीं! भाईसाहब, आप सो जाओ."

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर थंडीतच जा आणि उन्हं चढायच्या आत वाटेतलं डोंगरी गाव गाठा. पाणी घरून घ्या. मुर्ध्यापर्यंत टपऱ्या, चहा, वडापाव सगळं मिळतं. तिथला चहा आम्ही घेतला, आलं सढळ हाताने घातलेलं. मी अर्धाच प्यायले, कारण चहाने धडधड वाढते असं मला कुणीतरी सांगितलंय. ज्योत्स्नाबेननी माझा उरलेलाही संपवला.

मुर्धा, मग राई. रस्त्याला लागून जुनी बैठी घरं, अंगणात तुळस, आणि त्यांच्याच शेजारी नवे टॉवर. चर्चकडे, देवळाकडे निघालेली माणसं. सगळं छान होतं, पण मला खरं सांगायचं तर काही दिसत नव्हतं. मी फक्त पाट्या वाचत होते. डेंटिस्ट, हा काय कामाचा? होमिओपॅथी, बरं, निदान माणूस तरी असेल. राईच्या नाक्यावरचा दवाखाना आला. बंद! रविवार ना. ज्योत्स्नाबेन दहा पावलं पुढे गेल्या तरी मी त्या बंद शटरपुढेच उभी.

मोर्वा मागे पडलं की घरं विरळ होतात. दोन्ही बाजूंना खाजणाची दलदल, तिवरांची झाडी, मिठागरांचे चौकोन. पाण्यात बगळे उभे. फोटो काढायला ही जागा सुंदर आहे, आणि तेवढीच ती मोकळी आहे. माणूस नाही, दुकान नाही, पाटी तर नाहीच नाही. इथे पडलं तर कोण उचलणार, हा विचार आला आणि आला तो बसलाच. छाती सुरू झाली. आधी हळू, मग कानात ऐकू येईल इतकी. ओठांना मुंग्या. मी थांबले.

"ज्योत्स्नाबेन, मुझे वापस जाना है."

"धीरे चलो. चलते रहो."

"नहीं! मैं मर जाऊंगी यहां!" मी चक्क किंचाळले. बगळे उडाले.

तेवढ्यात उत्तनकडून भाईंदरला जाणारी रिकामी रिक्षा आली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ती थांबवली आणि आत बसले. म्हटलं, चला, बसा तुम्हीपण. ज्योत्स्नाबेननी रिक्षाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुम जाओ. मैं तो पाली जा रही हूं," म्हणाल्या, आणि पाठ फिरवून चालायला लागल्या. मला इतका राग आला! काय बाई आहे ही, माणूस मरायला टेकलंय आणि हिला पाली सुचतेय.

रिक्षा निघाली. आता बरं वाटेल, आता राई येईल, असं म्हणत मी दांडा घट्ट धरून बसले. पण बरं वाटेना. उलट धडधड वाढली. अंग जागच्या जागी, हातपाय गार, आणि छातीतलं इंजिन भरधाव. अगदी घोडबंदरच्या गाडीत झालं तसं. अगदी सोफ्यावर होतं तसं. मिनिटभरापूर्वी चालत होते तेव्हाही छाती उडतच होती की, पण पाय हलत होते, घाम येत होता, त्या धडधडीला निदान काहीतरी काम होतं. इथे बसल्या बसल्या ती सगळी माझ्याच अंगावर येत होती. मला कळलं, की ही रिक्षा मला घरी नाही, त्या सोफ्यावर नेऊन सोडणार आहे.

"भैया, रोको."

"क्या हुआ, आंटी? तबियत ठीक नहीं?"

"पता नहीं. रोको."

त्याला पैसे दिले, तो बिचारा घेत नव्हता. दोनदा मागे वळून बघत गेला. आणि मग त्या रस्त्यावर मी एकटी. ज्योत्स्नाबेन म्हणजे लांबवर त्यांच्या पिवळ्या ड्रेसचा एक ठिपका, आणि तो थांबायचं नाव घेत नव्हता. आयुष्यात इतकी भ्याले नाही. घाबरून उभं राहवेना, म्हणून चालायला लागले. चालून तो ठिपका जवळ येईना, म्हणून भरभर चालायला लागले. मग काय सांगू, पन्नाशीची बाई, ओढणी कमरेला खोचून, मिठागरांमधून धावत सुटले! छाती फुटेल असं वाटत होतं. तोंडाने सारखं म्हणत होते, देवा, गौरीचं बाळ बघू दे, मग काय करायचं ते कर. घामाने डोळे चुरचुरत होते, पोटरी दुखत होती, धाप लागली होती, आणि तरी मी पडत नव्हते. पुढचं पाऊल पडत होतं, मग त्याच्या पुढचं.

डोंगरीच्या अलीकडे मी त्यांना गाठलं. बोलता येत नव्हतं, नुसती धापा टाकत उभी राहिले.

"रुकीं क्यों नहीं?" शेवटी विचारलं.

"मैं रुकती तो तुम आती?" त्या म्हणाल्या. मग पाण्याची बाटली पुढे केली. "डर मुझे भी लगा था. भाईसाहब को क्या जवाब देती?"

आम्ही दोघी रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकलो. धाप हळूहळू खाली आली. छातीही आली. औषध नाही, डॉक्टर नाही, कुणी हात धरलेला नाही. जिन्यावरून उतरावी तशी एकेक पायरी खाली आली आणि नेहमीच्या जागी जाऊन बसली. हे मी वर्षभरात कधी पाहिलंच नव्हतं, कारण मी तिला वर चढूच दिलं नव्हतं.

पुढे धारावी देवीच्या देवळाचा चढ आहे. मी घाबरत घाबरत चढले, तीनदा थांबले. वरून मिठागरं दिसतात, खाडी दिसते, आणि वारा असा की घाम जागीच वाळतो. देवीपुढे हात जोडले. नवस बोलायचा होता, पण नुसतंच रडू आलं. तिथून उत्तन, आणि उत्तनहून अरुंद गल्ल्यांतून पाली. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, होड्यांवर कपड्यांच्या दोऱ्या, दुचाकी गेली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. ज्योत्स्नाबेननी रुमाल नाकाला लावला तो शेवटपर्यंत.

एका घराच्या ओट्यावर मासळी तळून मिळत होती. कढईपुढे बसलेल्या कोळीणमावशींनी आमचा अवतार बघून विचारलं, "कुठशी आल्या गो?"

"भाईंदरहून. चालत."

"चालत? येड लागलंय काय? बस हाय की!"

मला इतकं हसू आलं की हसता हसता ठसका लागला. वर्षभर सगळे मला काचेच्या भांड्यासारखं जपत होते. मावशींना त्याचा काही पत्ताच नव्हता. त्यांनी दोन बोंबील जास्तीचे वाढले. "खा, खा, काटं न्हाय लागत त्याला." तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, कांदा, दोनशे रुपयांत पोटभर. ज्योत्स्नाबेननी पाठ फिरवून घरचे थेपले आणि कैरीचा छुंदा खाल्ला. मी इतकी भूक लागून कधी जेवले होते, मला आठवेना.

परत बसने आलो. उत्तनहून भाईंदर स्टेशनसाठी बस मिळते, खिडकीची जागा हवी तर आधी जाऊन उभं राहायचं. मिठागरं आली तेव्हा पुन्हा भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मी पायाचे अंगठे दाबत बसले. ज्योत्स्नाबेन माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होत्या.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "नाक्यावरचं मेडिकल उघडं होतं का गं? बाम आणायचाय." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. मी पाहिलंच नव्हतं. परतीच्या सगळ्या रस्त्यात मी एकही शटर पाहिलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे, त्याचीच मला भीती वाटली. असं बेसावध कशी राहिले मी?

भीती गेलेली नाही, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. त्या दिवशी गाढ झोपले, दुसऱ्या दिवशी पाय दुखले आणि मन हलकं होतं, आणि तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना पुन्हा धडधडलं. पण आता रोज सकाळी ज्योत्स्नाबेनबरोबर राईपर्यंत जाते, घाम येईस्तोवर. ज्या दिवशी जाते त्या दिवशी कुकरच्या शिट्टीला दचकत नाही, एवढा फरक नक्की पडलाय. माझे डॉक्टर आणि गोळी दोन्ही चालू आहेत. तुम्हीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच बूट घाला.

काल संध्याकाळी गौरीचा फोन आला. मी म्हटलं, "शनिवारी निघतोय आम्ही."

ती जपून म्हणाली, "आई, घोडबंदरला पुन्हा..."

"होईलच. झालं की मी गाडीतून उतरणार आणि कडेकडेने चालणार. बाबा पुढे जाऊन थांबतील. बरं वाटलं की बसणार. पुन्हा झालं की पुन्हा उतरणार."

"अगं, अशाने नाशिकला पोचणार कधी तू?"

"माहीत नाही. बाळाला म्हणावं, आजी चालतेय, जरा धीर धर."

ती हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला. "ये," म्हणाली. या वेळी 'असू दे' म्हणाली नाही.

फोन ठेवला तेव्हा माझी छाती उडत होती. शनिवार, घोडबंदर, ती खाडी, सगळं डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं. सोफा समोरच होता. मी बूट घातले आणि जिन्याने खाली उतरले.