शटल बचाव समितीची सकाळ

आमच्या स्टेशनावर शटल थांबायची नाही, संपायची. या गोष्टीचा गावाला फार माज होता. नंदुरबार आणि नवापूरच्या मधल्या बाकीच्या स्टेशनांवर गाड्या मिनिटभर टेकून निघून जातात, आमच्याकडे मात्र गाडी मुक्कामाला येते, असं आमची माणसं सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा सांगायची. संध्याकाळी नंदुरबारहून आलेली ती मोजक्या डब्यांची गाडी रात्रभर बाजूच्या जादा पटरीवर उभी राहायची आणि सकाळी सात-चाळीसला पुन्हा नंदुरबारला निघायची. सुरतेकडे जाणाऱ्या एक्सप्रेस गाड्या आमच्याकडे ढुंकूनही न बघता धूळ उडवत जायच्या, त्याबद्दल मात्र कोणी काही बोलायचं नाही.

शटल इथेच का संपते, याचे गावात तीन इतिहास होते. पहिला आम्हा जमीनदार घरांचा: आमच्या पणजोबांनी स्टेशनाला जमीन दिली, तेव्हा गाडी इथे मुक्काम करील असा शब्द घेतला. गावातल्या प्रत्येक मोठ्या घराच्या पणजोबांनी तीच जमीन दिलेली असल्यामुळे या इतिहासावरून लग्नात भांडणं होत. दुसरा इतिहास लाकडाच्या व्यापाऱ्यांचा: जंगलातलं सागवान भरायला जादा पटरी टाकली आणि पुढे सागवान संपलं, पटरी राहिली. तिसरा आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बँडवाल्या चाचांचा. त्यांच्या घरात तीन-चार पिढ्या बँड होता आणि गावातलं एकही लग्न त्यांच्याशिवाय लागलेलं नव्हतं. ते म्हणायचे, "इंजिनले तहान लागे आनि आपली इहीर गोड व्हती. बाकी समद्या गप्पा शेतस." मला हाच इतिहास खरा वाटतो, कारण त्यात कोणाचे पणजोबा नाहीत.

आता शटलच्या सेवेबद्दल. शटल आमच्या गावाचं सगळं काही न्यायची. नंदुरबारला नोकरीला असलेल्यांचे डबे, बाजारात दाखवायला मिरचीचे नमुने, लग्नपत्रिका, बिघडलेल्या पंपाचे पार्ट, एकदा तर कोणाची तरी विसरलेली कवळी. हे सगळं गार्डच्या ओळखीवर फुकट जायचं. शटल गेली की बायका डाळ चढवायच्या. माणसं मात्र मोटारसायकलने नाहीतर काळी-पिवळी जीपने जायची, कारण शटल कधी पोचेल याचा भरवसा नव्हता. रोज शटलने जाणारे आम्ही वीस-पंचवीस जण. त्यात दोन बँकेतले कारकून, चार मास्तर, काही कॉलेजची पोरं आणि मी.

मी नंदुरबारला नर्सिंगला होते. आधी माझ्यासोबत एक मैत्रीण यायची, तिचं लग्न झालं आणि मी एकटी उरले. आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शिकायला पाठवताना एकच अट घातली होती. शटलने जायचं, शटलने यायचं. जीपमध्ये माणसावर माणूस बसवतात, तिथे माझी पोर बसणार नाही. हॉस्टेलचं नावही काढायचं नाही. "गाडी शे तवलोंग कॉलेज," गाडी आहे तोवरच कॉलेज, असं ते सगळ्यांसमोर बोलले होते, आणि सगळ्यांसमोर बोललेला शब्द आबा स्वतःच्या बापासाठीसुद्धा मागे घेत नसत. म्हणजे माझं शिक्षण त्या मोजक्या डब्यांवर लटकलेलं होतं. शटलमध्ये बसले की मी आधी इंजिनाकडे बघून हात जोडायची. हसू नका, देवळातही मी इतक्या मनापासून हात जोडले नाहीत.

टाळेबंदीत शटल बंद झाली आणि पुढे खूप हातापाया पडल्यावर सुरू झाली. ती सुरू होऊन वर्षही झालं नसेल, तेवढ्यात रेल्वेचं पत्र आलं. तुमच्या स्टेशनावरून चढणारे प्रवासी फारच कमी आहेत, गाडी इथून चालवावी की नाही हे ठरवायचं आहे, अमुक दिवशी एक साहेब सकाळी स्वतः येऊन फलाटावर किती लोक चढतात ते बघतील.

गाव पेटून उठलं. दुसऱ्याच दिवशी शटल बचाव समिती झाली आणि आबा अध्यक्ष झाले. आबा जन्मात एकदाही शटलमध्ये बसलेले नव्हते. त्यांची मोटारसायकल होती. पण गावात कसलीही समिती झाली की अध्यक्ष आबाच, आवाज मोठा असल्यामुळे.

पहिल्या बैठकीत जे ठरलं ते इतकं शहाणपणाचं होतं की मला आजही नवल वाटतं. साहेब येतील त्या दिवशी गावातली शंभरेक माणसं सकाळी तिकिटं काढून शटलमध्ये बसतील, पुढच्या स्टेशनावर उतरतील आणि परत येतील. बस. तिथेच बैठक संपवली असती तर मी आज हे लिहीत नसते. पण एका मास्तरांनी उठून विचारलं, "साहेब गावात येणार आणि आपण त्यांचा सत्कारही करायचा नाही? लोक काय म्हणतील?"

आमच्या भागात हा प्रश्न एकदा विचारला की संपलं. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर बसवायला आलेल्या वायरमनचा सत्कार झाला आहे. जनावरांना लस टोचून डॉक्टर निघाले की त्यांच्या खांद्यावर शाल पडते. तेव्हा सत्कार ठरला, फक्त पाच मिनिटांचा. मग प्रास्ताविक कोण करणार यावर वाद झाला म्हणून दोन प्रास्ताविकं ठरली. मग पोहे-जिलेबी. मग चाचांचा बँड. आरतीचं ताट घेऊन साहेबांना ओवाळायला मुलगी हवी, ती अध्यक्षांचीच असावी, असंही ठरलं.

त्याच दिवशी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, "साडेसातले समदं आवरी जाई. ओवाळ आनि बस गाडीम्हा." मला राग आला होता, पण गाडी वाचली तर वर्ष वाचणार होतं, म्हणून मी गप्प बसले. चूक माझीही होती. गावाला ओळखत असून मी साडेसातवर विश्वास ठेवला.

त्या सकाळी स्टेशन मी कधी पाहिलं नव्हतं इतकं भरलं. फलाटावर मंडप, मंडपात गाद्या टाकलेल्या खुर्च्या, कडुलिंबाला बांधलेला भोंगा. रोज शटलने जाणारे झाडून सगळे हजर होते, आणि सगळे कडक इस्त्रीत. मी एका कारकुनाला विचारलं, "काका, आज ऑफिसला असे जाणार?" ते म्हणाले, "अगं, आज रजा टाकली. शटल वाचवायची आहे ना!" मी मास्तरांना विचारलं. त्यांचीही रजा. कॉलेजच्या पोरांनी जिलेबी वाटायचं काम घेतलं होतं.

रेल्वेचे साहेब जीपने, रस्त्याने आले. वही घेऊन ते फलाटावरच्या बाकावर बसायला गेले, तर चौघांनी त्यांना उचलल्यासारखं मंडपात नेलं. पहिलं प्रास्ताविक सुरू झालं ते पणजोबांपासून. दुसरं प्रास्ताविक करणाऱ्याचे पणजोबा वेगळे असल्यामुळे त्याला पहिलं खोडून काढावं लागलं. सात-पस्तीस झाले. शटल फलाटाला लागलेली, डबे रिकामे, दारं उघडी. पुढच्या स्टेशनापर्यंत जायची तिकिटं काढलेले शंभर जण तिकिटं खिशात ठेवून भाषण ऐकत होते. सत्कार चालू असताना उठून जाणं किती वाईट दिसतं!

शटल एरवी कधी वेळेवर सुटली नाही. गार्ड आमची वाट बघायचा, कोणाचा डबा यायचा राहिला तर थांबायचा. म्हणून कोणाला घाई नव्हती. पण त्या दिवशी फलाटावर साहेब बसले होते. साहेबांच्या डोळ्यांदेखत गाडी उशिरा सोडायला गार्ड काय वेडा होता? सात-चाळीसला त्याने शिट्टी फुंकली आणि हिरवं निशाण दाखवलं.

आबा तेव्हा माइकपाशी होते. मी हातात पेटतं निरांजन घेऊन ताटकळत उभी होते. इंजिनाने भोंगा दिला आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं की आता नाही तर वर्ष गेलं. ताट कोणाच्या हातात द्यावं म्हणून पाहिलं, तर सगळ्यांच्या हातात जिलेबीच्या डिश. मोकळ्या हातांचे एकटे साहेब होते. "साहेब, जरा धरा," मी म्हणाले, ताट त्यांच्या हातात दिलं आणि पळाले.

आबा इतका वेळ शुद्ध मराठीत "मान्यवर" वगैरे म्हणत होते. मला पळताना पाहून ते माइकवरच ओरडले, "ए माय! कोठे चालनी? उतर खाले! आरती कोन करी?" भोंग्यातून ते अख्ख्या गावाने ऐकलं, शेतात असलेल्यांनीसुद्धा. मी तोवर दारातल्या दांड्याला धरून आत चढले होते. जन्मात पहिल्यांदा आबांचं ऐकलं नाही. उतरले नाही.

गाडी हलली. दारातून मला दिसलं ते असं: साहेब ताट घेऊन उभे, निरांजन विझू नये म्हणून त्याला हाताचा आडोसा केलेला, लांबून बघणाऱ्याला वाटावं, साहेबच शटलला ओवाळतायत. शंभर माणसं तोंडात जिलेबी घेऊन गाडीकडे बघतायत. आणि चाचांनी, काय मनात आलं कोण जाणे, स्वागताची धून सोडून नवरी सासरी निघताना वाजवतात ती धून धरली. मी हसत होते आणि रडतही होते. माझ्या डब्यात दुसरं कोणी नव्हतं. पुढच्या-मागच्या डब्यांतही नव्हतं, मी पुढच्या स्टेशनावर उतरून बघितलं.

परीक्षा दिली. संध्याकाळी घरी आले तेव्हा आबा ओट्यावर होते. मी त्यांच्या बाजूने सरळ आत गेले. साहेबांनी वहीत काय लिहिलं ते वेगळं सांगायला नको. दोन महिन्यांनी तिकिटाच्या खिडकीवर कागद चिकटवला गेला आणि शटल बंद झाली. गावाने दोन दिवस हळहळ केली. मग समितीने साहेबांच्या निषेधाची सभा घेतली, आणि त्या सभेला आलेल्या पाहुण्यांचा सत्कार केला.

शटल नसलेल्या पहिल्या सकाळी मी उठलेच नाही. गाडी शे तवलोंग कॉलेज, गाडी नव्हती. आईने दोनदा हाक मारली, मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला आबांचा इतका राग येत होता की त्यांचं खोकणंही ऐकवत नव्हतं. मग अंगणात मोटारसायकल सुरू झाली आणि हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. बाहेर आले तर आबा गाडीवर, मागच्या सीटवर माझी पिशवी बांधलेली.

पुढच्या स्टेशनावर दुसरी एक पॅसेंजर थांबते. तिथवर आबांनी मोटारसायकल नुसती दामटली. मला वाटलं, सगळ्यांसमोर दिलेला शब्द मोडावा लागला म्हणून चिडले असतील. फलाटावर त्यांनी माझी पिशवी स्वतः धरली. गाडी आली, मी चढले, खिडकीपाशी बसले. त्यांनी पिशवी खिडकीतून आत दिली आणि तशीच धरून ठेवली, सोडलीच नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिन गाडीम्हा एकच पॅसेंजर व्हती माय, आनि मी तिलेच 'उतर' सांगी ऱ्हायंतू."