यजमानास सांगितले

पाठशाळेत असताना कुंडरचनेच्या गणिताची मला गोडी लागली, आणि पुढे जळगावच्या आसपास कोठे याग ठरला की कुंड आखण्यासाठी मला बोलावणे येऊ लागले. यजमानाने चवड्यांवर उभे राहून दोन्ही हात वर करायचे. त्या उंचीचा पाचवा भाग म्हणजे एक हात, आणि हाताचा चोविसावा भाग म्हणजे एक अंगुल. कुंडाची लांबी-रुंदी, खोली आणि काठाभोवतीच्या तीन पायऱ्या, ज्यांना मेखला म्हणतात, हे सारे त्या अंगुलाने मोजायचे. म्हणजे प्रत्येक कुंड त्या त्या यजमानाच्या देहाच्या मापाचे होते. ही कल्पना मला तेव्हाही पवित्र वाटे, आजही वाटते.

प्रत्येक कुंडाची नोंद मी वहीत ठेवी. तांबड्या शाईने आकृती, काळ्या शाईने मापे. ज्यांवर खाडाखोड झाली असेल ते कच्चे कागद मी नदीत सोडून देई. वही कोणी पाहिली तर कौतुक करी, आणि ते मला आवडे, हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिले महायुद्ध संपून दोन-चार वर्षे झाली होती. गिरणाकाठच्या एका गावी कापूस पिकवणाऱ्या एका कुटुंबाने तीन दिवसांचा विष्णुयाग केला. यजमान तरुण होता. त्याची पत्नी नुकतीच त्या घरात आलेली. आणि घरात शब्द चाले तो यजमानाच्या आईचा. तिसऱ्या दिवशी पूर्णाहुतीच्या वेळी ती सून तुपाचा गडवा घेऊन उठली, आणि त्याच क्षणी पूर्वेकडची मेखला तडकून विटांसकट कुंडात ढासळली. कोणाला इजा झाली नाही. पूर्णाहुती कशीबशी पार पडली.

यजमानाच्या आईने मला विचारले, "महाराज, हाई कशानं व्हयनं?"

मला कारण ठाऊक नव्हते. मी हात जोडले आणि म्हणालो, "ईश्वरेच्छा."

तो शब्द मी श्रद्धेने उच्चारला असे मला त्या वेळी वाटले. चार महिन्यांनी त्याच गावचा एक गृहस्थ जळगावच्या बाजारात भेटला, तेव्हा त्या शब्दाचे पुढे काय झाले ते कळले. सून उठली आणि मेखला पडली, देवाचीच तशी इच्छा होती, असा अर्थ त्या घराने घेतला होता. तेव्हापासून तिला देवघरात पाऊल टाकू देत नव्हते. तिच्या हातचा नैवेद्य देवाला चालत नव्हता.

घरी येऊन मी वही उघडली. त्या कुंडाचे पान निर्दोष होते. प्रत्येक अंगुल बरोबर. मेखला का पडली हे सांगणारे त्यात एक अक्षरही नव्हते.

धुळ्याला एक वृद्ध याज्ञिक राहत. सगळे त्यांना नाना म्हणत. पन्नास वर्षे त्यांनी कुंडे बांधली होती आणि त्यांच्यापाशी स्वतःच्या, तशाच गुरूंच्या वह्या आहेत, असे मी ऐकून होतो. चाळीसगावला गाडी बदलून मी धुळ्यास पोहोचलो. नानांनी आधी माझीच वही मागितली. डोळ्यांजवळ धरून पाने उलटली.

"तुमची वही फारच सोवळ्यातली दिसते हो," ते म्हणाले. "हिला आजवर कोणी शिवलेलंच नाही."

मग त्यांनी आपल्या वह्या पुढे सरकवल्या. तुपाचे डाग, मातीची बोटे, एका पानाची कड तर जळालेली. नानांच्या ओट्यावर बसून मी पहिला दिवस आकृत्या उतरवून घेण्यात घालवला. त्या माझ्या आकृत्यांहून निराळ्या नव्हत्या. शास्त्र एकच, मग निराळ्या कशा असतील? दुसऱ्या दिवशी उतरवण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा समासातली बारीक अक्षरे वाचू लागलो. "विटा भिजवल्या नाहीत, सांधे सुटले." "पश्चिमेचा वारा. धूर ऋत्विजांच्या डोळ्यांत. आडोसा हवा होता." "ओले लाकूड." गुरूंच्या वहीतही तेच, अक्षर तेवढे वेगळे.

आणि एका पानावर हे सापडले: "मंडपाशेजारची काळी माती वापरली. ओली असता गुळगुळीत बसते, पण अग्नीने सुकून आकसते. तिसऱ्या दिवशी मेखलेखाली बोटभर फट. पुढे पांढरीची माती आणावी, गव्हाचा भुसा घालावा, चार दिवस सुकू द्यावे."

पांढरी म्हणजे गावठाणाची जुनी, पांढुरकी माती. आपल्याकडे भिंतींना तीच लावतात. हे कोणताही शेतकरी सांगू शकला असता. मी मात्र शेतातल्याच काळ्या मातीवर हात फिरवून तिच्या गुळगुळीतपणावर प्रसन्न झालो होतो.

मी नानांना विचारले, "या चुका लिहून ठेवायच्या? उद्या वही शिष्यांच्या हाती पडली तर?"

"पडावी म्हणूनच लिहिल्या. बरोबर काय ते ग्रंथात आहे. तेच पुन्हा लिहून शाई कशाला नासू?"

कारण हाती आले, आता निघावे, असे मनात होते. पण त्या नोंदीच्या शेवटी आणखी दोन शब्द होते: "यजमानास सांगितले." मी मागची पाने पुन्हा पाहिली. वारा, लाकूड, विटा, प्रत्येक दोषाखाली तेच दोन शब्द. गुरूंच्या वहीतही. मी जे शिकायला आलो होतो ते समासात होते, आणि जे चुकवत होतो तेही.

परतीच्या वाटेवर मी जळगावला घरी न जाता थेट त्या गावी गेलो. दुपार होती. यजमानाची आई ओसरीवर सरकी निवडत होती. सून आत उंबऱ्यापाशी होती. मी उभ्यानेच सांगितले की मेखला पडली ती मातीमुळे, माती मी निवडली होती, आणि त्यात या घरातल्या कोणाचाही दोष नव्हता.

बाईंनी सरकी बाजूला सारली.

"मंग इतला दिन काबरं नही सांगं, महाराज?"

"ठाऊक नव्हते. पण 'ठाऊक नाही' असेही मी म्हणालो नाही."

"तुमनं एक बोलनं व्हयनं," त्या म्हणाल्या, "अन् आमना घरमा..." मग उंबऱ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "बाई, देवना दिवा लाव."

आतून शांत आवाज आला, "आते दुपार शे. सांजले लावसू."

बाईंनी मान हलवली. मला गूळ आणि पाणी मिळाले, बसायला घोंगडी मिळाली. क्षमेचा शब्द कोणी काढला नाही, आणि मीही मागितला नाही.

घरी येऊन त्या निर्दोष पानाच्या समासात मी मातीची हकिकत लिहिली. खाली ते दोन शब्द लिहिले आणि त्यांपुढे, नानांच्या कोणत्याच पानावर नव्हते असे, आणखी काही लिहावे लागले: "यजमानास सांगितले, चार महिने उलटल्यावर."