जास्तीची माहिती

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. तिसगावच्या पुढे एका वस्तीवरच्या शाळेत सातवीला गणित शिकवते, रोज भिंगारहून एसटीने जाते-येते, आणि वर्गात कुणी ‘म्याडम, गुणू का भागू?’ असं विचारलं की माझं डोकंच फिरतं. अरे, आधी उदाहरण वाच ना बाबा! वाचलंच नाहीस तर गुणून काय दिवे लावणार?

म्हणून मी एक पद्धत काढली होती. शाब्दिक उदाहरण दोनदा वाचायचं. काय विचारलंय त्याखाली रेघ मारायची. आणि उत्तराला जे लागत नाही ते सरळ खोडायचं. विहिरीची खोली काढायचीय ना? मग विहीर कुणाची, मोटेचा बैल कुठल्या रंगाचा, याच्याशी आपल्याला काय करायचंय? याला आम्ही ‘जास्तीची माहिती’ म्हणायचो. पोरं फार हौसेने खोडायची. तालुक्याच्या प्रशिक्षणात मी ही पद्धत फळ्यावर करून दाखवली, टाळ्या मिळाल्या, आणि पुढे महिनाभर मी मोठा तीर मारल्यासारखी हिंडत होते.

पुढची पायरी म्हणून दर शनिवारी प्रत्येकाने एक उदाहरण स्वतः रचून आणायचं, असं मी ठरवलं. घरातलं, आजूबाजूचं, काहीही चालेल. पुस्तकातलं नको.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तेरा वर्षांची, अंगाने काडी, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. पण गणितात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. अपूर्णांक शिकवताना मी विचारलं, अर्धा कशाकशाला म्हणतात? अर्धी भाकरी, अर्धं तिकीट, अर्धा कप चहा, सगळं येऊन गेलं. मग ती उठली आणि हळूच म्हणाली, “अर्धा कोयता.”

आमच्याकडची बरीच घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. टोळी जमवणारा मुकादम जोड्या बघतो, अर्ध्याला तो सहसा उभं करत नाही. पुस्तकात कुठेच नसलेला हा अर्धा ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. तिला टाळ्या वाजवायला लावल्या. ती मात्र खाली बघत राहिली.

त्या शनिवारी तिचं पहिलं उदाहरण आलं. ‘एका घरात आई-वडील मिळून एक कोयता. मुलगा अर्धा कोयता. मुकादमाला पूर्ण दोन पाहिजेत. किती कमी पडले?’ उत्तर, अर्धा. मी बरोबरची खूण केली.

पुढच्या शनिवारी साडी. ‘साडी साडेपाच मीटर. नेसणारी मोठी असेल तर निऱ्या सात. नेसणारी बारीक असेल तर निऱ्या अकरा. किती निऱ्या जास्त?’ उत्तर, चार. खाली लिहिलं होतं, ‘मोजून पाहिले.’ मला हसू आलं. आईची साडी गुंडाळून खेळली असेल, दुसरं काय! मी शेरा दिला, ‘छान, स्वतः मोजलेस.’

त्याच आठवड्यात ती हातभर हिरव्या बांगड्या घालून आली. लिहिताना सारख्या वाजायच्या. मी खेकसले, “काय गं, नवरात्रातल्या का?” ती म्हणाली, “व्हय,” आणि बांगड्या कोपराकडे सरकवून घट्ट बसवल्या. मग त्या वाजल्या नाहीत. दिवसभर तिने तो हात बाकाखाली ठेवला होता, हे मला दिसलं होतं. दिसलं होतं, म्हणूनच जास्त राग येतो स्वतःचा.

तिसऱ्या शनिवारच्या वह्या मी परतीच्या एसटीत तपासल्या. करंजीच्या घाटात गाडी वळणं घेत होती, मांडीवरचा गठ्ठा सारखा घसरत होता, आणि तिची वही सर्वांत शेवटी हाताला लागली. ‘एक अर्धा चोवीस वर्षांचा. दुसरा अर्धा तेरा वर्षांचा. दोन्ही मिळून एक कोयता होतो का? म्याडम, हे उदाहरण बरोबर आहे का?’

वाचून माझं पेन थांबलं. खोटं कशाला बोलू, थांबलं. पण क्षणभरच. मग माझ्यातली ती टाळ्या घेणारी बाई जागी झाली. वाटलं, वा! पोरीने मुद्दाम जास्तीची माहिती घालून मलाच चकवायला बघितलंय. लाल पेनाने मी चोवीस खोडला. तेरा खोडला. खाली लिहिलं, ‘अर्धा अधिक अर्धा बरोबर एक. बरोबर. शाब्बास!’

सोमवारी तिने वही घेतली, पान उघडून पाहिलं, मिटून दप्तरात ठेवली. मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी हजेरी घेताना तिच्या नंबरावर कुणीच बोललं नाही, सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला, आणि मी खोडलेले चोवीस आणि तेरा मला आठवले. वर्ग तसाच टाकून मी तिच्या घरी निघाले.

तिची आई दारात गोणीत भांडी भरत होती. त्यांची टोळी दोन दिवसांत निघणार होती. मला बघून ती उठली नाही. “झालं म्याडम,” ती म्हणाली. “परवा झालं. देवळात, चार मान्सांत.”

“अहो, तेरा वर्षांची आहे ती!”

“मला ठावं न्हाई व्हय? म्या जलम दिलाय तिला.” तिने गोणीचं तोंड आवळलं. “आमी सा म्हैने भाईर. पोरीच्या जातीला हितं एकली कुनाच्या भरवशावर ठिवू? सांगा की.”

मी तिथूनच मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन लावला, ग्रामसेवकांना लावला. तक्रार घेतली गेली. पण तिला घेऊन मुलाच्या टोळीचा ट्रक सकाळीच निघून गेला होता, आणि कुठल्या कारखान्याकडे, ते मुलाकडचं कुणी सांगेना. पुरावा म्हणून निदान तिची वही हातात असावी, असं मला वाटलं. तिच्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. मी वही मागितली.

“ती न्हाई हितं,” आई म्हणाली. “संगं घिऊन गेली.” मग पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “तिनं तसं काय तोंड उघडलं न्हाई. येकदाच म्हनली, म्याडमला लिवून इचारलंय, त्या चूक म्हनल्या तर म्या न्हाई जायाची. म्या बी म्हनलं, बघू. मंग सोमवारी साळंतून आली, वही म्होरं ठिवली, म्हनली, म्याडमनी बरोबर दिलंय. अन् भाकरी थापाया बसली.”